ताईला आलं ज्यूरीचं बोलावणं

मुलांनो,

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्ही आजोबांच्या तोंडून कधीतरी ऐकली असेल. कोर्टाच्या भानगडीत पडलं की दिवस जातात, पैसा जातो आणि चपला झिजतात, असा तिचा अर्थ. पण जगात असेही देश आहेत, जिथे ज्याचं कुणाशी भांडण नाही, तंटा नाही, अशा साध्यासुध्या माणसाला एके दिवशी पत्र येतं, ‘अमुक तारखेला सकाळी कोर्टात हजर राहा.’ आणि शहाणा असो की नसो, त्याला पायरी चढावीच लागते. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर दंड होऊ शकतो.

असं पत्र माझ्या मावसबहिणीला आलं. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताईच म्हणते. लग्न होऊन ती अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात गेली, तिथे एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. काही वर्षांपूर्वी तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं. आणि मग एका संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर टपालाच्या पेटीत कोर्टाचा लिफाफा!

ताईनं घाबरून मला फोन केला. आपल्याकडे तेव्हा पहाट होती. म्हणाली, “अगं, मला कोर्टानं बोलावलंय! मी तर साधा सिग्नलही कधी मोडला नाही!”

मी म्हटलं, “नीट वाच बरं. काय लिहिलंय?”

लिफाफ्यात ज्यूरीचं समन्स होतं. म्हणजे ताईवर कुणी खटला भरला नव्हता. उलट एका खटल्याचा निवाडा करायला तिलाच बोलावलं होतं. मग मात्र ती आणखी घाबरली! “मी कायद्याचं एक पुस्तक उघडलेलं नाही. मी काय न्याय करणार?”

ताई कोर्टात गेली आणि तिथे ती काय शिकली, ते आज तुम्हाला सांगणार आहे. ते ऐकून मला माझ्याच वर्गातली एक गोष्ट आठवली आणि मान खाली घालावी लागली. तीही सांगणार आहे. पण शेवटी हं!

ज्यूरी म्हणजे काय?

आपल्या गावाकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. पाच माणसं एकत्र बसून बोलली की त्यांच्या तोंडून देवच बोलतो, असा जुन्या लोकांचा विश्वास. ज्यूरीची कल्पना थोडी तशीच, पण माणसं पाच नाहीत, बहुधा बारा. आणि ती गावातली मानाची, पागोटंवाली माणसं नव्हेत. कुणी बसचालक, कुणी शिक्षिका, कुणी हॉटेलातला आचारी, कुणी पेन्शनीत निघालेले आजोबा!

खटल्यात दोन प्रश्न असतात, नाही का? पहिला प्रश्न, आरोपीनं हे केलं की नाही? दुसरा, केलं असेल तर शिक्षा काय? ज्यूरीच्या पद्धतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ही साधी माणसं देतात. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा न्यायाधीश देतात. कायदा काय म्हणतो, हेही न्यायाधीशच ज्यूरीला समजावून सांगतात. म्हणून ताईला कायद्याचं पुस्तक पाठ असण्याची गरज नव्हती. डोकं शांत आणि कान उघडे असले की पुरे!

ही नावं निवडतात कशी? वर्गाचा मॉनिटर निवडताना आपण चिठ्ठ्या टाकतो ना, तशीच. मतदारांच्या यादीतून, वाहन चालवण्याचा परवाना असलेल्यांच्या यादीतून संगणक नावं उचलतो. ओळख, वशिला, श्रीमंती काही चालत नाही. मुख्य अटी अशा की माणूस त्या देशाचा नागरिक हवा, १८ वर्षं पूर्ण झालेला हवा, त्या भागात राहणारा हवा आणि त्याला इंग्रजी समजायला हवं. इंग्लंडमध्येही मतदारयादीतूनच अशी नावं निघतात.

“पण नोकरीचं काय?” ताईला काळजी. त्याचीही सोय आहे. ज्यूरीच्या कामाला गेला म्हणून मालकाला कुणाला नोकरीवरून काढता येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या न्यायालयात ज्यूरीला दिवसाला ५० डॉलर भत्ता मिळतो. राज्यांच्या न्यायालयात कुठे कुठे त्याहून कितीतरी कमी. म्हणजे पैसे मिळवायला कुणी जात नाही. मतदान करणं, कर भरणं, तसंच हे एक नागरिकाचं काम.

पहिला दिवस

ठरलेल्या दिवशी ताई अंधारातच उठली. जावं की न जावं असा प्रश्न नव्हताच, पण नेसावं काय, बोलावं काय, याचीच धास्ती! पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि एक पुस्तक घेतलं. कोर्टाच्या दारात विमानतळावर असते तशी तपासणी झाली. मग एका मोठ्या दालनात नेलं. तिथे शंभरेक माणसं आधीच खुर्च्यांवर बसलेली. कुणी लोकरीचं विणकाम करतंय, कुणी पेपर वाचतंय, एक काका तर चक्क घोरत होते.

“मला वाटलं, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि मीच एकटी नवखी,” ताई सांगत होती. “शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मीही पहिल्यांदाच आलेय, रात्रभर झोप नाही. मग मला जरा बरं वाटलं.”

आधी सगळ्यांना एक छोटी फिल्म दाखवली, ज्यूरीचं काम काय असतं ते सांगणारी. मग वाट बघणं. पहिल्या दिवसाचं मुख्य काम वाट बघणं हेच, बरं का! खूप जण दिवसभर बसून संध्याकाळी घरी जातात. त्यांचं नाव निघतच नाही. मग त्यांचा दिवस वाया गेला म्हणायचा का? नाही. माणसं तयार बसली आहेत, हे दिसल्यावर दोन्ही बाजूचे लोक कधी कधी खटला सुरू व्हायच्या आतच तडजोड करतात.

ताईचं नाव मात्र निघालं. तीस-चाळीस जणांबरोबर ती न्यायालयाच्या खोलीत गेली. समोर उंचावर न्यायाधीश, एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला बचावाचे वकील आणि त्यांच्या शेजारी आरोपी. पंचविशीचा एक तरुण.

आता प्रश्नोत्तरं सुरू झाली. पण परीक्षेसारखी नव्हेत. तुमच्यापैकी कुणी आरोपीला ओळखतं का? तुमचं कुणी नातेवाईक पोलिसात आहे का? पोलिसानं सांगितलेली गोष्ट इतरांच्या सांगण्यापेक्षा तुम्हाला आपोआप जास्त खरी वाटेल का? तुमच्या घरी कधी चोरी झाली होती का?

शेवटच्या प्रश्नाला ताईनं हात वर केला. ती लहान असताना आमच्या मावशीच्या घरी चोरी झाली होती. मंगळसूत्रासकट सगळं गेलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, “त्यामुळे तुमच्या मनात या आरोपीबद्दल राग येईल का?”

ताई जरा थांबली. मग म्हणाली, “चोरी म्हटलं की मला राग येतो. पण तो चोर हा माणूस नव्हे, हे मला कळतं.”

तिला ठेवून घेतलं. काहींना मात्र ‘धन्यवाद, तुम्ही जाऊ शकता’ म्हणून सांगितलं. यात अपमान नाही. समजा, तुमच्या सख्ख्या भावाच्या कॅरमच्या सामन्यात तुम्हालाच पंच केलं तर? तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी समोरच्याला शंका येणारच ना! म्हणून मन कुठल्याही बाजूला झुकलेलं नाही अशी माणसं शोधायची, यासाठी ही सगळी खटपट.

ताईच्या खटल्यात बाराऐवजी चौदा जण बसवले. का? मधेच कुणी आजारी पडलं तर खटला पुन्हा पहिल्यापासून नको. आणि त्या चौदांमधले जादा दोन कोण, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगत नाहीत! सगळं ऐकून झाल्यावर चिठ्ठ्या काढून ठरवतात. त्यामुळे प्रत्येकाला कान देऊन ऐकावंच लागतं. आहे की नाही युक्ती?

तोंड बंद, कान उघडे

मग शपथ झाली आणि न्यायाधीशांनी नियम सांगितले. घरी जाऊन या खटल्याविषयी कुणाशी बोलायचं नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही. एकमेकांतही आत्ताच चर्चा करायची नाही. वर्तमानपत्रात याची बातमी आली तर वाचायची नाही. इंटरनेटवर शोधाशोध करायची नाही. स्वतः जाऊन जागा बघायची नाही. या खोलीत, सगळ्यांसमोर जे सांगितलं जाईल, तेवढ्यावरच विचार करायचा.

ताईसारख्या बोलक्या बाईला हे किती जड गेलं असेल! जेवताना रोज मुलगा विचारायचा, “आई, आज काय झालं?” आणि ताई म्हणायची, “भाजी वाढू का?”

पण नियमाचं कारण सोपं आहे. बाहेर कुणी काही सांगितलं, तर आरोपीला त्याचं उत्तर द्यायची संधी मिळत नाही. जे त्याच्यासमोर बोललं जातं, त्याला तो निदान ‘हे खोटं आहे’ असं म्हणू शकतो.

आणि सर्वांत मोठा नियम हा, की दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोषच मानायचा. त्यानं काहीही सिद्ध करायची गरज नाही. सिद्ध करायचं काम सरकारी वकिलांचं. तेही असं, की कुणाच्या मनात वाजवी शंका उरता कामा नये.

‘वाजवी शंका’ म्हणजे काय? सकाळी उठून बघितलं तर अंगण ओलं. तुम्ही म्हणाल, रात्री पाऊस पडला. पण आजीनं सडा घातला असेल तर? ही झाली वाजवी शंका. मग तुम्ही बघता, तर कौलांवरून पाणी गळतंय, रस्ता ओला, झाडं ओली. आता आजी काही झाडावर चढून सडा घालणार नाही! आता शंका मिटली.

उपाशी राहिलेले बारा जण

मुलांनो, आज ज्यूरीतला माणूस निर्भयपणे आपलं मत देतो. पण हे फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी आपल्याला लंडनला जायला हवं, १६७० सालात!

तेव्हा तिथे विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघांवर खटला चालू होता. ते क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. सरकारनं त्यांच्या प्रार्थनाघराला कुलूप ठोकलं, म्हणून पेननं रस्त्यातच उभं राहून प्रवचन केलं. झालं! बेकायदा जमाव जमवला म्हणून दोघांना पकडलं. ज्यूरी म्हणाली, पेन रस्त्यात बोलला हे खरं, पण तो गुन्हा आहे असं आम्ही म्हणणार नाही. न्यायासनावर बसलेले लोक भडकले. आम्हाला हवा तो निकाल द्या, नाहीतर उपाशी मरा, असा त्यांचा सूर होता. ज्यूरीला कोंडून ठेवलं. अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही. दोन रात्री गेल्या. तरी बारा जण ढळले नाहीत. शेवटी त्यांनी ठणकावून सांगितलं, निर्दोष!

तेव्हा ज्यूरीलाच दंड ठोठावला. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्यूरीनं आणि त्याच्या काही सोबत्यांनी दंड भरायला नकार दिला आणि ते तुरुंगात गेले. मग मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी निर्णय दिला की, ज्यूरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येणार नाही. तेव्हापासून हे तत्त्व पक्कं झालं. पुढे याच पेननं अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवलं. ते ताईच्या न्यू जर्सीच्या अगदी शेजारी!

पण ज्यूरीत बसलंय कोण?

ज्यूरी म्हटली की न्याय झालाच, असं मात्र समजू नका. बारा जण कोण आहेत, यावरही खूप काही अवलंबून असतं. अमेरिकेत कितीतरी वर्षं कृष्णवर्णीय लोकांना आणि स्त्रियांना ज्यूरीपासून दूर ठेवलं जाई. स्त्रियांना असं सरसकट वगळता येणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली सांगितलं. आणि केवळ रंगाकडे बघून सरकारी वकिलांनी कुणाला ज्यूरीतून काढू नये, हे सांगितलं १९८६ साली. म्हणजे आपली सावळी, मराठमोळी ताई आज त्या खुर्चीत बसली, त्यामागे किती जणांचे कष्ट आहेत बघा.

आणि आपल्या घरचीच गोष्ट घ्या ना! इंग्रजांच्या काळात मुंबईतही ज्यूरी होती. लोकमान्य टिळकांवर १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरी नऊ जणांची. त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि निवाडा करणारे ते वाचणार इंग्रजी भाषांतरातून! हे लोक मराठी जाणत नाहीत आणि भाषांतरात चुका आहेत, हे टिळकांनी भर न्यायालयात दाखवून दिलं. स्वतःचा बचाव स्वतःच केला, कित्येक दिवस ते बोलत होते. पण ज्यूरीनं सात विरुद्ध दोन असा निकाल दिला, दोषी! न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांना मंडालेच्या तुरुंगात पाठवलं. ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं टिळक शांतपणे म्हणाले. ते शब्द कोरलेली पाटी मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत आहे. मुंबईला गेलात तर आईबाबांना नक्की विचारा.

म्हणजे ज्याचं बोलणंच आपल्याला समजत नाही, त्याचा निवाडा आपण कसा करणार? हा प्रश्न मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपल्याकडे ज्यूरी होती. १९५९ साली मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींवर खुनाचा खटला चालला. वर्तमानपत्रांनी रोज रकाने भरले, लोक कोर्टाबाहेर गर्दी करत. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘दोषी नाही’ म्हटलं. न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं. या खटल्यामुळेच आपल्याकडची ज्यूरी गेली, असं खूप जण सांगतात. पण ज्यूरी बंद करावी, अशी शिफारस विधी आयोगानं त्याच्या आधीच, १९५८ साली केलेली होती. पुढे १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात ज्यूरीला जागाच उरली नाही. आता आपल्याकडे न्यायाधीश निकाल देतात, त्याची कारणं लेखी देतात आणि वरच्या न्यायालयात दादही मागता येते. फक्त पारशी समाजाच्या विवाहविषयक खटल्यांत न्यायाधीशांबरोबर त्याच समाजातली पाच माणसं अजूनही बसतात.

ज्यूरी चांगली की न्यायाधीश? याबद्दल मोठमोठ्या माणसांतही एकमत नाही. पण निवाडा कुणीही करो, आधी ऐकून घेतल्याशिवाय तो करता येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

बंद खोलीतला दीड दिवस

आता परत ताईकडे येऊ. खटला संपला, निकाल लागला. आता बोलायला हरकत नव्हती. मग ताईनं फोनवर तासभर सगळं सांगितलं.

त्या तरुणावर दोन दुकानं फोडल्याचा आरोप होता. एकाच रस्त्यावरची दोन दुकानं, दोन वेगवेगळ्या रात्री. पहिल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि तिथला माल त्याच्या घरात सापडला होता. दुसऱ्या दुकानाला कॅमेराच नव्हता. एका साक्षीदारानं अंधारात कुणीतरी पळताना बघितलं होतं. ‘साधारण एवढ्याच उंचीचा होता,’ असं तो म्हणाला. बस्स, एवढंच.

शेवटी चिठ्ठ्या निघाल्या. चौदांतले दोघं बाजूला झाले. ताई बारांत राहिली. बारा जणांना एका खोलीत बसवलं आणि दार बंद झालं. त्यांनी आपल्यातल्याच एका बाईंना प्रमुख निवडलं.

पहिल्या दुकानाबद्दल फार वेळ लागला नाही. पुरावा पक्का होता. सगळे म्हणाले, दोषी. मग दुसरं दुकान. ताई म्हणाली, “मी लगेच म्हटलं, दोषी. एक फोडलं म्हणजे दुसरंही यानंच फोडलं असणार. आणखी कोण? आठ-नऊ जण माझ्याच बाजूचे होते.”

तेव्हा एक म्हातारे सुतारकाम करणारे गृहस्थ म्हणाले, “आपण पहिल्या दुकानाचा राग दुसऱ्या दुकानावर काढतोय. कॅमेऱ्याची ती फिल्म बाजूला ठेवा. आता फक्त दुसऱ्या दुकानाचा पुरावा मला सांगा.”

ताई सांगायला लागली आणि दोन वाक्यांत तिचं सांगणं संपलं. अंधार. सारखी उंची. पुढे काहीच नाही!

बारा जण दीड दिवस बोलत होते. भांडले, चिडले, पुन्हा चहा घेऊन बसले. गंभीर गुन्ह्यात आरोपीला दोषी ठरवायचं तर ज्यूरीचं एकमत हवंच, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पक्कं केलेलं आहे. बहुमतानं हात वर करून काम भागत नाही. मनातली शंका सांगावी लागते आणि दुसऱ्याची ऐकावी लागते. शेवटी निकाल असा झाला की, पहिल्या दुकानाबद्दल दोषी, दुसऱ्या दुकानाबद्दल दोषी नाही.

मी विचारलं, “म्हणजे ताई, दुसरं दुकान त्यानं फोडलं नव्हतं?”

ताई म्हणाली, “ते मला आजही माहीत नाही गं. फोडलंही असेल. पण मला माहीत नाही, हेच तर मला तिथे सांगायचं होतं. ‘असणार’ म्हणजे ‘आहे’ नव्हे.”

माझ्या वर्गातला खटला

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण त्याच महिन्यात माझ्या वर्गात एक खटला झाला होता. न्यायाधीश मी, वकील मी आणि ज्यूरीही मीच!

चौथीचा वर्ग. सहलीसाठी एका मुलीनं आणलेले दोनशे रुपये मधल्या सुट्टीनंतर सापडेनात. ती रडायला लागली. मी विचारलं, “सुट्टीत वर्गात कोण होतं?” एका मुलानं मागच्या बाकावरच्या एका मुलाचं नाव घेतलं.

हाच तो मुलगा! दिवाळीच्या आधी त्यानं दुसऱ्याचं स्केचपेन घेतलं होतं. माझ्या मनात निकाल तयार झाला. एक घेतलं म्हणजे दुसरंही यानंच घेतलं असणार. मी सगळ्यांदेखत त्याला दप्तर उलटं करायला लावलं. वह्या, पेन्सिलीचे तुकडे, एक भोवरा. पैसे नव्हते. तरीही मी काय म्हणावं? “लपवले असशील कुठेतरी.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी त्या मुलीची आई आली. दोनशे रुपये घरीच सापडले होते. पुस्तकाच्या कव्हरच्या आत, तिनंच जपून ठेवलेले.

संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, “बाळा, माझं चुकलं.” त्यानं मान वर केली नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “बाई, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी पिनेनं लावत बसलो होतो. म्हणून खेळायला गेलो नाही. तुम्ही मला विचारलंच नाहीत.”

मुलांनो, ज्या मुलानं त्याचं नाव घेतलं, तो खोटं बोलला नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, की हा वर्गात होता. बाकीचं सगळं मी माझ्या मनानं भरलं. टिळकांचं मराठी त्या ज्यूरीला येत नव्हतं. मला तर त्या मुलाची भाषा येत होती. पण मी त्याला बोलूच दिलं नाही, तर येऊन उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. ज्यांच्यासमोर आरोप केला, त्यांच्यासमोरच माफी मागायला हवी होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. कुणाबद्दल तक्रार आली, की आधी ज्याच्यावर आरोप आहे त्यानं बोलायचं. पूर्ण बोलायचं. मधे कुणी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. मग तक्रार करणाऱ्याला विचारायचं, तू स्वतः डोळ्यांनी काय बघितलंस? ‘वाटलं’ आणि ‘बघितलं’ फळ्यावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं. बहुतेक वेळा ‘वाटलं’चा रकानाच लांबलचक होतो!

तुम्हीही या आठवड्यात घरी करून बघा. रिमोट कुणी लपवला, लाडू कुणी संपवले, असला एखादा खटला निघतोच. आणि आईबाबांनो, हा कागद तुमच्यासाठीही आहे बरं का. आपल्या घरातल्या ज्यूरीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो आणि ते घाईत असतं.

जाता जाता एक सांगते. परवा आमच्या वर्गातला पाण्याचा माठ फुटला. मी आत आले, तर चार-पाच मुलं एकीकडे बोट दाखवून ओरडत होती, “बाई, हिनं फोडला, हिनं!” ती मुलगी भिंतीला टेकून उभी, डोळे भरलेले. मी काही बोलणार, एवढ्यात मागच्या बाकावरून तोच मुलगा उभा राहिला.

म्हणाला, “बाई, आधी तिला विचारा.”